कॉलेजमधली संमती, छेडछाड आणि तक्रार समिती: मोकळेपणाने बोलूया

शिरीषछाया (धागाकर्ती)

कॉलेज सुरू झालं की पहिल्या महिन्या-दीड महिन्यात मुलींना सेमिनार हॉलमध्ये बसवतात. दामिनी पथकाच्या ताई येतात, हेल्पलाइनचे नंबर सांगतात, कधी कराटेची प्रात्यक्षिकं होतात. काही विद्यापीठांत निर्भय कन्या अभियान असतं. हे सगळं व्हायलाच हवं. पण त्या वेळी वर्गातले मुलगे कुठे असतात? मैदानावर, नाहीतर कॅन्टीनमध्ये. ज्या गोष्टीत दोन माणसं असतात त्यातल्या एकालाच आपण शिकवतो, आणि तेही फक्त सावध राहायला.

मी तालुक्याच्या गावातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात शिकवते. लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीवर काही वर्षं काम केलं आहे (आमच्याकडे अजून सगळे तिला ‘विशाखा समिती’च म्हणतात). माझं म्हणणं असं की संमती हा विषय आधी मुलग्यांशी बोलायला हवा, तोही काही घडायच्या आत. प्रकरण समितीकडे येतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

समितीसमोर मी सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, “पण मॅडम, ती नाही म्हणालीच नाही.”

एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. एकांकिकेची तालीम रात्री उशिरा संपली. दिग्दर्शक तिसऱ्या वर्षाचा, ती पहिल्या वर्षाची. त्याने ‘गाडीवरून सोडतो’ म्हटलं, ती बसली. वाटेत पुलाजवळ त्याने गाडी थांबवली, बोलता बोलता हात धरला, जवळ ओढलं. ती म्हणाली, “दादा, उशीर होतोय, काकू दार लावून घेतील.” तो म्हणाला, “दोन मिनिटं.” ती अंग आखडून गप्प उभी राहिली. पुढचं वर्णन इथे नको. चौकशीत त्याने अगदी मनापासून सांगितलं की तिने आरडाओरडा केला नाही, ढकललं नाही, आणि गाडीवर तर स्वतःहून बसली होती.

गाडीवर बसली म्हणजे घरी सोडायला हो म्हणाली, बाकी कशालाही नाही. घरचं कारण सांगणं, विषय बदलणं, अंग चोरणं, एकदम गप्प होणं, आपल्याकडची मुलगी सीनियरला असाच नकार देते. त्यातून हा तिला भूमिका देणारा सीनियर. मोठ्यांना तोंडावर नाही म्हणू नये हे तिच्यावर लहानपणापासून बिंबवलेलं असतं. आणि मुलांना असा नकार कळत नाही, हे मला पटत नाही. मित्राकडे उसने पैसे मागितले आणि तो “बघतो रे, महिनाअखेर आहे” म्हणाला, तर कुठलाही मुलगा त्याच्या खिशात हात घालत नाही.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये (१ जुलै २०२४ पूर्वी दंड संहितेचं कलम ३७५) बलात्काराच्या गुन्ह्यासंदर्भात संमतीची व्याख्या दिली आहे. संमती निःसंदिग्ध हवी, स्वेच्छेने दिलेली हवी, शब्दांतून, खुणेतून किंवा आणखी कशातून व्यक्त झालेली हवी आणि त्या विशिष्ट कृतीसाठी हवी. पुढे लगेच म्हटलं आहे की स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून तिची संमती होती असं धरता येणार नाही. ही व्याख्या २०१३च्या दुरुस्तीने आली.

ती येण्यामागचा इतिहास महाराष्ट्रातल्या प्रत्येक कॉलेजात सांगायला हवा असं मला वाटतं. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. आरोपी दोन पोलीस. सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं. नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि भीतीपोटी निमूटपणे सोसणं म्हणजे संमती नव्हे, हे स्पष्ट केलं. सर्वोच्च न्यायालयाने मात्र अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा झालेला नाही, अशा कारणांवरून त्यांना पुन्हा निर्दोष ठरवलं. तेव्हा उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. ठिकठिकाणी मोर्चे निघाले. १९८३ मध्ये कायदा बदलला. आमच्या त्या दिग्दर्शकाचा युक्तिवाद आणि त्या निकालातला युक्तिवाद शेजारी ठेवून वाचा. काहीही फरक नाही.

शिक्षक आणि विद्यार्थिनी यांच्याबद्दल मी याहून कडक आहे. ज्याच्या हातात टर्मवर्कचे गुण आहेत, व्हायवा आहे, पीएचडीच्या प्रबंधावरची सही आहे, त्याने ‘तिची हरकत नव्हती’ असं म्हणूच नये. हरकत घेतली तर आपलं वर्ष जाईल, ही भीती तिच्या डोक्यात असतेच.

आपले अनुभव, शंका, विरोधी मतं सगळं लिहा. कॉलेजचं किंवा कुणाचंही नाव मात्र लिहू नका.

निळाई

ताई, मी टीवायला आहे. एक सीनियर (आता पासआउट आहे, पण कट्ट्यावर रोज असतो) रोज रात्री मेसेज करतो. घाणेरडं काही लिहीत नाही. “आज निळा ड्रेस छान होता”, “कुणाबरोबर गेलीस”, “ऑनलाइन आहेस आणि उत्तर नाही?” असं. मी हसण्याची इमोजी टाकून विषय संपवते. ब्लॉक केलं तर अख्खा ग्रुप त्याच्या बाजूने आहे, मी एकटी पडेन. याला छळ म्हणतात का, की मी जास्त विचार करतेय?

शिरीषछाया

निळाई, जास्त विचार करत नाहीयेस. कुणाबरोबर गेलीस, ऑनलाइन का आहेस, ही तुझ्यावर ठेवलेली पाळत आहे. अश्लील शब्द नसला म्हणून ती चालवून घ्यायची नसते.

एकदाच, साध्या शब्दांत लिही: “मला तुमच्याशी असं बोलायचं नाही. यापुढे मेसेज करू नका.” इमोजी नको, सॉरी नको. त्याचा स्क्रीनशॉट ठेव, आधीचे मेसेजही पुसू नकोस. तुला रस नाही हे स्पष्ट दिसत असताना पुन्हा पुन्हा संपर्क साधत राहणं, किंवा तू ऑनलाइन काय करतेस यावर नजर ठेवणं, हा न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा आहे. तो पासआउट आहे म्हणून कॉलेजचा संबंध संपत नाही. कॅम्पसवर बाहेरच्या माणसाने त्रास दिला तरी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांप्रमाणे कॉलेजला त्यात लक्ष घालावं लागतं.

आणि ग्रुपमधल्या एकीला तरी आजच सांग. तुला वाटतं तितकी तू एकटी नसशील. अशा मुलाने एकाच मुलीला मेसेज केलेत, असं माझ्या पाहण्यात क्वचितच आलंय.

आडवाट

लेख आवडला, पण दुसरी बाजूही यावी. आमच्या शेजारच्या मुलावर तक्रार झाली. चौकशी सुरू व्हायच्या आधी अख्ख्या कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचा फोटो फिरला. पुढे समितीला काही सापडलं नाही. पण त्याने कॉलेज सोडलं ते सोडलंच. ब्रेकअपनंतर रागाने केलेल्या तक्रारींचं काय? मुलगा आहे म्हणजे दोषी, असं होऊ नये.

वकीलवाडी

आडवाट, फोटो फिरवणं चूकच होतं, आणि नियमांच्या विरुद्धही. तक्रारदार, साक्षीदार आणि ज्याच्यावर आरोप आहे तो, या सगळ्यांचीच ओळख गुप्त ठेवायची असते. तुमच्या शेजाऱ्यांनी त्याबद्दल कॉलेजकडे दाद मागायला हवी होती.

प्रक्रिया अशी. तक्रार आल्यापासून सात दिवसांत तिची प्रत समोरच्याला द्यायची. त्याला उत्तर द्यायला दहा दिवस. नव्वद दिवसांत चौकशी पूर्ण. अहवाल दोघांनाही. अपील दोघांनाही. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये बडतर्फीचा निर्णय रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं, कारण समितीने घाईघाईने सुनावण्या उरकल्या आणि त्याला बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही. मूळ तक्रारी २००९च्या. म्हणजे समितीने घाई केली आणि चौदा वर्षांनी सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर, तक्रार करणाऱ्या मुलीसुद्धा. चौकशी नीट होणं दोन्ही बाजूंच्या हिताचं आहे.

‘काही सापडलं नाही’ याचा अर्थ मात्र तक्रार खोटी होती असा होत नाही. आरोप सिद्ध करता आला नाही, एवढ्यावरून तक्रारदारावर कारवाई करता येत नाही. जाणूनबुजून खोटी तक्रार केली हे वेगळं सिद्ध व्हावं लागतं, आणि झालं तर कारवाईची तरतूद आहे.

आडवाट

गोव्याचं प्रकरण माहीत नव्हतं. वाचतो. फोटो फिरवणाऱ्यांवर कारवाई व्हायला हवी होती हा मुद्दा पोचवतो त्यांच्याकडे.

जुनी_बॅच

मी ऐंशीच्या दशकात बीएस्सी केलं. प्रॅक्टिकलला एक सर मायक्रोस्कोप दाखवायच्या निमित्ताने मागून वाकून उभे राहायचे. आम्ही मुलींनी आपसात ठरवून टाकलं होतं की स्लाइड स्वतःच फोकस करायची, त्यांना बोलवायचंच नाही. काही जणींचे गुण त्यामुळे गेले. तक्रार करायची तर कुणाकडे? समित्या आल्या त्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७च्या विशाखा निकालानंतर, भंवरीदेवींमुळे. राजस्थानातल्या एका गावात बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून सामूहिक बलात्कार झालेल्या त्या बाईंच्या लढ्यातून देशभरातल्या शिकलेल्या मुलींना समित्या मिळाल्या. आजच्या मुलींनी त्या वापराव्यात, नुसत्या नोटीस बोर्डावर वाचू नयेत.

मुक्कामपोस्ट_हॉस्टेल

एक वेगळा मुद्दा लिहितो. मी मुलगा आहे. इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षी हॉस्टेलवर तिघा सीनियरनी ‘इंट्रो’च्या नावाखाली कपडे काढायला लावले, नको तिथे हात लावले, मोबाइलवर शूटिंग केलं. रेक्टरकडे गेलो तर म्हणाले, “एवढं काय मनाला लावून घेतोस, मुलगी आहेस का?” समितीकडे जायचं सुचलंही नाही, कारण ती मुलींची असं सगळेच म्हणायचे. त्यानंतर कित्येक महिने मी बाथरूमला पहाटे जायचो, कुणी जागं नसताना. इथे पहिल्यांदाच लिहितोय.

शिरीषछाया

तुम्ही लिहिलंत, फार बरं केलंत. तुमच्याबाबतीत झाला तो लैंगिक अत्याचार होता. रेक्टरांनी जे उत्तर दिलं त्याची लाज त्यांना वाटायला हवी.

समिती फक्त मुलींची हा समज सगळीकडे आहे आणि तो चुकीचा आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा स्त्रियांपुरता आहे. पण उच्च शिक्षणसंस्थांसाठी यूजीसीचे जे २०१५चे नियम आहेत (राजपत्रात आले मे २०१६ मध्ये), त्यांत मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थी यांनाही असा त्रास होऊ शकतो हे नोंदवून संस्थेने सगळ्यांसाठी कारवाई करावी असं म्हटलं आहे. शिवाय महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, आणि यूजीसीची रॅगिंगविरोधी हेल्पलाइन आहे: १८००-१८०-५५२२.

वकीलवाडी

यात एक भर, आणि ती कटू आहे. न्याय संहितेत बलात्काराचं कलम फक्त स्त्री पीडितेसाठी आहे. जुन्या दंड संहितेतलं कलम ३७७ पुरुषांच्या बाबतीत निदान जबरदस्तीच्या प्रकरणांत वापरता यायचं. नव्या संहितेत ते पूर्णच वगळलंय. त्यामुळे प्रौढ मुलावर असा अत्याचार झाला तर पोलिसांना मारहाण, धमकी, कोंडून ठेवणं, व्हिडिओसाठी माहिती तंत्रज्ञान कायदा अशी कलमं जोडून गुन्हा नोंदवावा लागतो. ही मोठी पोकळी आहे आणि ती भरायला हवी.

दुसरं. अकरावी-बारावीची मुलं, आणि पहिल्या वर्षाची बरीचशी मुलं, अठराच्या आतली असतात. तिथे पोक्सो (बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) लागू होतो आणि संमतीचा मुद्दाच कायद्याच्या नजरेत उरत नाही. मुलगा-मुलगी दोघं सतराचे आणि प्रेमात असले तरी. शिवाय अशा गुन्ह्याची माहिती असलेल्यावर ती पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे. कॉलेजने ‘आपसात मिटवून टाकू’ म्हटलं तर कॉलेजच अडचणीत येतं. ज्युनियर कॉलेजच्या मुलांना हे कुणीच सांगत नाही.

मुलग्याची_आई

सगळं वाचून धडधडायला लागलं. माझा मुलगा या वर्षी बारावीत. चांगला आहे, पण मित्रांमध्ये काय बोलतो कुणास ठाऊक. मी त्याच्याशी नेमकं काय बोलू? त्याचे बाबा म्हणतात, वेळ आली की आपोआप कळतं.

शिरीषछाया

आपोआप कळत नाही हो. आपोआप कळतं ते मोबाइलवरच्या पॉर्नमधून आणि सीनियरच्या बढायांतून, आणि त्या दोन्हींत विचारणं हा प्रकारच नसतो. मुलगी आधी नको म्हणते, नायक चिकाटी सोडत नाही, शेवटी ती हसते. हेच बघत तो मोठा झालाय.

बोलायला बसवू नका, जेवताना किंवा गाडीवरून जाताना विषय काढा. सरळ सांगा की एखादी आवडली तर विचार. ती नाही म्हणाली, टाळलं, उत्तरच दिलं नाही, तर तिथे थांबायचं. का नाही म्हणून विचारत बसायचं नाही, मैत्रिणींकडून निरोप धाडायचे नाहीत. हो म्हणाली, तरी कॉफीला हो म्हणजे कॉफीलाच हो. काल हो म्हणालेली आज नाही म्हणू शकते. जिने प्यायलीय, जी झोपेत आहे, जी घाबरलीय, तिचा होकार होकार नसतो. कुणी कुणाचा फोटो पाठवला तर पुढे पाठवायचा नाही आणि ग्रुपवर हसायचंही नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, कारण तुमचा मुलगा स्वतः काही करणार नाही कदाचित, पण तो ज्या ग्रुपमध्ये आहे तिथे कुणीतरी करेल.

आणि त्याच्या बाबांनीही बोलावं. आईने सांगितलं की ते संस्कार होतात. बापाने सांगितलं की मुलगा ते पुरुषाचं वागणं म्हणून घेतो. हे मी वर्गात पाहिलंय. आमच्या एनएसएसच्या शिबिरात शारीरिक शिक्षणाच्या सरांनी मुलग्यांशी अर्धा तास जे बोललं ते माझ्या दहा व्याख्यानांनी झालं नसतं. शेवटी एका मुलाने उठून विचारलं, “सर, विचारलं आणि ती नाही म्हणाली तर पोरं हसतात, त्याचं काय करायचं?” खरा प्रश्न तोच होता. नकार मिळालेल्या मुलाची टिंगल होते, म्हणून तो नकार ऐकायलाच तयार नसतो.

सनीवेल_ते_सातारा

इथे कॅलिफोर्नियात २०१४ मध्ये कायदा झाला, की सरकारी मदत हवी असलेल्या कॉलेजांनी ‘स्पष्ट होकार असेल तरच संमती’ हे सूत्र आपल्या नियमांत घालायचं. गप्प राहणं म्हणजे होकार नाही, असं त्यात लिहिलेलंच आहे. माझ्या मुलीला पहिलं वर्ष सुरू होताना यावरचा ऑनलाइन कोर्स करावा लागला, आणि वर्गातल्या मुलग्यांनाही तोच. त्यामुळे इथे सगळं आलबेल आहे असं अजिबात नाही. पण दोघांनी एकच धडा वाचलेला असतो, एवढं खरं.

कागदोपत्री

आमच्या कॉलेजात समितीचा फलक नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) टीम येणार म्हणून लावला. अध्यक्ष म्हणून प्राचार्यांचं नाव, सदस्य सगळे विभागप्रमुख. विद्यार्थी एकही नाही. मी एमएला आहे. हे बरोबर आहे का? आणि एका मैत्रिणीला तक्रार करायची आहे, सहलीतला प्रकार आहे, ऑगस्टमधला. तिला प्राचार्य म्हणाले की सहल कॉलेजबाहेर होती, शिवाय दोघांनी माफी मागून विषय संपवा.

शिरीषछाया

फलक चुकीचा आहे. अध्यक्ष ज्येष्ठ महिला प्राध्यापकच हवी. कॉलेजात किमान सहयोगी प्राध्यापक दर्जाची. दोन शिक्षक, दोन शिक्षकेतर कर्मचारी, बाहेरच्या स्वयंसेवी संस्थेतली एक व्यक्ती, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या बायका. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तीन विद्यार्थी प्रतिनिधी, आणि ते निवडून आलेले. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा मोठ्या पदांवरच्या माणसांना समितीवर राहता येत नाही. समिती त्यांच्या दबावाखाली राहू नये म्हणूनच हे.

सहल कॉलेजबाहेर होती हे उत्तरही चुकीचं. शैक्षणिक सहल, औद्योगिक भेट, शिबिर, क्रीडास्पर्धा, युवा महोत्सव, तिथे न्यायला कॉलेजने केलेली बस, हे सगळं नियमांत कॅम्पसच धरलंय. समेट मागायचा की नाही हे तिने ठरवायचं, प्राचार्यांनी नाही. तिने मागितला तरी पैसे देऊन तो करता येत नाही.

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते. उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. ऑगस्टचा प्रकार असेल तर तिला आजच लिहायला बसव. भाषा भारी नको. तारीख, ठिकाण, बसमध्ये ती कुठे बसली होती, काय झालं, ती काय म्हणाली, त्याने काय केलं, त्यानंतर तिने कुणाला सांगितलं आणि कधी. आठवत नाही ते ‘आठवत नाही’ असंच लिहायचं, अंदाजाने भरायचं नाही. मेसेज असतील तर त्यांच्या प्रती जोडायच्या. लिहायला जमत नसेल तर समितीने मदत करायची असते. दोन प्रती काढा, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिक्का द्यायला नकार दिला तर तीच तक्रार कॉलेजच्या ईमेलवर पाठवा, प्रत विद्यापीठाला.

तो मुलगा तिच्याच वर्गात असेल, तर चौकशी होईपर्यंत त्याला तिच्यापासून दूर राहायची ताकीद द्या अशी मागणी त्याच अर्जात करा. समोरचा शिक्षक असेल, तर तिचे पेपर आणि प्रॅक्टिकल दुसऱ्याने तपासावेत अशीही. दोन्हीची तरतूद आहे. आणि पोलिसांत जायचं असेल तर समितीच्या निकालाची वाट बघायची गरज नाही, दोन्ही एकाच वेळी चालू शकतं.

कागदोपत्री

धन्यवाद मॅडम. ती आत्ता माझ्या शेजारीच बसलीय. विचारतेय की बसमध्ये मागच्या सीटवर आणखी दोन मुलं होती, ती आता बोलायला तयार नाहीत. त्यांची नावं साक्षीदार म्हणून लिहायची का?

शिरीषछाया

हो, लिहा. त्यांना बोलवायचं काम समितीचं.